लाथ आणि नमस्कार

माझ्या आईचा घरात एकच कायदा होता आणि तो पायांचा होता. पाय लागला की पाया पडायचं. माणसाला लागला तर पडायचंच, पण दुधाच्या किटलीला, सुपाला, केरसुणीला, शाळेच्या वहीला, ज्वारीच्या पोत्याला, कुणाच्या अंथरुणाला लागला तरी वाकायचं, त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या छातीशी न्यायचा. भांडण चालू असलं तरी सुटका नव्हती. धाकट्या भावाशी माझी झोंबाझोंबी रोजचीच. मी त्याला चांगली बुकलून काढत असायची आणि मधेच गुडघा त्याच्या पोटात बसला की आई चुलीपासूनच ओरडायची, पाय लागला, पाया पड. मग मी एका हातात त्याचे केस धरून दुसऱ्या हातानं नमस्कार उरकायची आणि पुन्हा बुकलायला लागायची. बुकलण्याबद्दल आईचं काही म्हणणं नसायचं.

आमचं गाव ईट, भूम तालुक्यातलं. शेती होतीच, पण घर चालायचं ते खव्यावर. घराच्या मागल्या अंगाला पत्र्याच्या छपरात माझ्या वडिलांची, आप्पांची, भट्टी होती. सकाळी सात वाजल्यापासून दूध यायला लागायचं, सायकलीवर, डोक्यावर, बैलगाडीत. मोठ्या लोखंडी कढईत ते ओतलं की लांब दांड्याचं उलथणं घेऊन उभं राहायचं आणि खवा होईपर्यंत हात थांबवायचा न्हाय. थांबला की बुडाला लागलंच. दूध आधी खळखळतं, मग त्याचा आवाज जड होतो, मग ते फदफद करायला लागतं, आणि शेवटी कढईच्या कडा सोडून त्याचा गोळा होतो. त्या आवाजावरून मी घरात बसून सांगायची की आता किती राहिलं. दहा वर्षांची असल्यापासून माझ्या हातात उलथणं आलं. हौस म्हणून नव्हे, आप्पांचा हात दुखायचा म्हणून. आज माझी पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली, पण अजून कुणी नवीन माणूस हात मिळवतो आणि जरा दचकून माझ्या मनगटाकडं बघतो, तेव्हा मला त्या भट्टीचा धूर आठवतो.

आप्पा कढईवर वाकलेले असले की दोन्ही हात गुंतलेले असायचे. मग भट्टीच्या तोंडातलं बाभळीचं लाकूड पुढं सारायचं तर ते पायानं. टाचेनं एक धक्का द्यायचा, ओंडका आत. आता अग्नी म्हणजे देव, त्याला पाय कसा लावायचा? आमच्या घरात ह्या गुन्ह्याला फाशीच व्हायला पाहिजे होती. पण त्याची सोय आईनं करून ठेवली होती. पहाटे अंघोळ झाली की ती ओल्या केसांनी भट्टीपाशी जायची, भट्टीच्या तोंडाला हळदकुंकू लावायची, हात जोडायची आणि काहीतरी पुटपुटायची. लहानपणी मला वाटायचं ती खवा चांगला होऊ दे म्हणते. एकदा विचारलं तर म्हणाली, तुझ्या आप्पांच्या पायाची माफी मागून घेतली, दिवसभराची. ही गोष्ट मी ऐकली आणि विसरून गेले.

ईटला एक एस.टी. मुक्कामी यायची. संध्याकाळी यायची, रात्री चावडीजवळ उभी राहायची आणि सकाळी परत जायची. तिच्यावर शेख मास्तर कंडक्टर म्हणून होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात, पण हे पुढं खरोखरचे मास्तर झाले. बारीक अंगाचे, मिशी कातरलेली, आवाज इतका हळू की गाडीत पुढं सरका म्हणालेलं मागच्याला ऐकू जायचं न्हाय. मुक्कामाला आल्यावर ड्रायव्हर पत्ते खेळायला बसायचा आणि शेख मास्तर शाळेच्या मैदानात एकटेच कराटे करत राहायचे. आधी पोरं जमली हसायला, मग शिकायला. पोरांचं आरंभशूरपण दोन महिन्यांत संपलं. राहिल्या त्या आम्ही पोरी. आम्हाला संध्याकाळी घराबाहेर पडायला दुसरं काही कारणच मिळायचं न्हाय, मग हातात आलेलं कोण सोडतं.

आईनं मला जाऊ दिलं, ह्याचं गावाला नवल वाटलं. मी शिकायला भूमला बसनं जायची. तिथं एकदा एका टवाळानं माझी ओढणी धरली होती आणि मी रडत घरी आले होते.  दुसऱ्या दिवशी आई स्वतः मला मैदानावर घेऊन गेली आणि शेख मास्तरांना म्हणाली, हिला हातानं काय शिकवायचं ते शिकवा, पण पायानं कुणा माणसाला शिवायचं न्हाय. मास्तर बिचारे अडचणीत पडले. कराटेत निम्मं काम पायाचं. त्यांनी कशीबशी समजूत घातली की पोत्याला मारील, हवेत मारील, हळूहळू बघू. आई गेली. मास्तरांनी भुसा भरलेलं पोतं लिंबाला टांगलं आणि मला म्हणाले, मार. मी मारली. पोतं पार फांदीला जाऊन आलं. आणि परत आलेल्या पोत्याला मी हात लावला आणि छातीशी नेला. कारण ते ज्वारीचं पोतं होतं.

मास्तरांना आधी ते गोड वाटलं. चार वर्षांनी, माझ्या कमरेला तपकिरी पट्टा आला तरी ते तसंच चालू होतं, तेव्हा गोड वाटायचं बंद झालं. समोरासमोर लढताना माझी लाथ बसली की माझा उजवा हात आपोआप पुढं जायचा, समोरच्याला शिवायचा आणि छातीशी यायचा. डोळ्याची पापणी लवते तितक्या वेळाचं काम. पण तेवढ्या वेळात माझं तोंड उघडं पडायचं, आणि समोरची पोरगी दोन ठोसे लावून मोकळी व्हायची. आईची अट केव्हाच मोडली होती, आईला ते माहीतही होतं आणि ती न बघितल्यासारखं करायची. पण तिचा कायदा माझ्या हाडात बसला होता. मास्तरांनी माझा उजवा हात पट्ट्यानं कमरेला बांधून बघितला. मी डाव्या हातानं नमस्कार केला. मग त्यांनी दोन्ही बांधले. तर मी लाथ मारून नुसती मान झुकवली, आणि ठोसा थेट कपाळावर घेतला. मास्तर त्या दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि डोकं धरून म्हणाले, "बेटा, तू मारतेस घोड्यासारखी आणि माफी मागतेस गाईसारखी. मी काय करू तुझं?"

त्याच हिवाळ्यात मास्तरांची बदली उमरग्याकडं झाल्याची बातमी आली. जिल्ह्याचं दुसरं टोक. महिनाभरात जायचं होतं. आम्ही अकरा पोरी होतो, त्यातली सगळ्यात धाकटी नऊ वर्षांची. मास्तर शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटले, की पोरींचा वर्ग बंद पाडू नका. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता, पण भित्रा होता. म्हणाला, काळा पट्टा असलेलं माणूस शिकवायला असंल तर मैदान तुमचं, न्हायतर पोरीबाळींच्या हातापायाची जोखीम कोण घेणार. त्याचं काही चुकलं असं मला आजही म्हणवत न्हाय. काळ्या पट्ट्याची परीक्षा वर्षातून एकदा, धाराशिवला व्हायची. तेव्हा गावाचं नाव उस्मानाबाद होतं, पण आमची आई तेव्हाही धाराशिवच म्हणायची. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. अकरा जणींत तपकिरी पट्टा एकटीला होता, मला. मी पास झाले तर वर्ग राहणार, नापास झाले तर पुढच्या वर्षापर्यंत पोरी पांगणार. आणि एकदा पांगलेल्या पोरी पुन्हा जमत नसतात. त्यातल्या दोघींची तर तोवर लग्नंच झाली असती.

त्या तीन आठवड्यांत मी काय केलं म्हणाल तर उलथणं फिरवलं आणि लाथा मारल्या. आप्पा माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचे, पण दूध आटत आलं की खव्याची पहिली खरवड, कढईच्या कडेला लागलेली, तांबूस, ती माझ्यासाठी वाटीत काढून ठेवायला लागले. आधी ती भावाची असायची. भावानं तोंड फुगवलं, तर म्हणाले, तिला धाराशिवला मार खायला जायचंय, तुला कुठं जायचंय? एवढंच त्यांचं बोलणं. नमस्काराचं मात्र काही सुधारलं न्हाय. मी रात्री अंथरुणात पडून स्वतःला बजावायची की उद्या करायचा न्हाय, आणि उद्या करायची.

परीक्षेच्या दिवशी माझ्याबरोबर कोण जाणार ह्यावर घरात फार चर्चा झाली न्हाय. आप्पांना भट्टी सोडता येत नव्हती. दूध कुणासाठी थांबत न्हाय. तेव्हा आई निघाली. हिरवं इरकल लुगडं, डोक्यावर पदर, आणि मांडीवर खव्याचा डबा. डबा कशाला म्हटलं तर म्हणाली, परक्या गावात रिकाम्या हातानं जाऊ नये. तिनं मला लढताना त्या दिवसापर्यंत एकदाही बघितलं नव्हतं. मैदानाकडं ती फिरकतच नव्हती, कारण बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं. शेख मास्तरांनी रजा घेतली होती. गाडीत ते आमच्या पुढच्या बाकावर साध्या कपड्यात बसले होते आणि तिकीट काढायला दुसरा कंडक्टर आला तेव्हा त्यांना स्वतःचं तिकीट काढताना फार अवघडल्यासारखं झालं. येडशी मागं पडली. आईनं न विचारता पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला, वर चिमूटभर खवा घातला आणि माझ्या हातात दिला.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशी तिथं लग्न झालेलं असावं, कारण कोपऱ्यात अक्षता सांडल्या होत्या आणि बुंदीचा वास येत होता. मधोमध जाड सतरंज्या अंथरलेल्या, समोर टेबलामागं तीन परीक्षक. मधले मोठे सर, पांढरी दाढी, साठीच्या पुढचे, बाहेरून आलेले. त्यांनी आम्हा सहा जणांकडं नजर टाकली. पाच मुलगे आणि मी. आई भिंतीशी फरशीवर मांडी घालून बसली, डबा पुढ्यात. तिच्याशेजारी एक सूटबूटवाले गृहस्थ खुर्चीत बसले होते, त्यांनी तिला खुर्ची देऊ केली. ती म्हणाली, हितंच बरं हाय.

सकाळचं काम माझं छान झालं, हे सांगायला मला आता संकोच वाटत न्हाय. ठोसे, अडवणी, उभं राहायच्या पद्धती, एकटीनं करायचे सगळे लढतीचे क्रम, एका जागी अडखळले न्हाय. मग कौलं फोडायची होती. एकावर एक पाच. माझ्या आधीच्या मुलाची तीन फुटली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बसले, एकदा हात ठेवून बघितला, आणि मारला. पाचही गेली, आणि खालच्या विटेलाही तडा गेला. मोठ्या सरांनी टेबलावरून मान लांब करून वीट बघितली आणि मला विचारलं, काय काम करतेस? मी म्हटलं, खवा हलवते. शेजारचे परीक्षक हसले. मोठे सर हसले न्हाईत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

दुपारी लढती होत्या. दहा जणांशी, एकामागून एक, मधे बसायचं न्हाय. समोर येणारे सगळे आधीच काळा पट्टा मिळवलेले, लातूरचे, सोलापूरचे, बाया आणि गडी दोन्ही. जिंकायलाच पाहिजे असं नव्हतं. उभं राहायला पाहिजे होतं आणि भान सुटू द्यायचं नव्हतं, डोळ्यांचं आणि हातांचं. पहिल्या लढतीत मी एक लाथ मारली, ती अशी बसली की सगळे हं करून उठले. आणि माझा हात गेला पुढं. शिवला, छातीशी आला. तोवर माझ्या ओठावर ठोसा बसून ओठ फाटला होता. दुसऱ्या लढतीत तेच. तिसऱ्यात मी ठरवलं की लाथच मारायची न्हाय, तर नुसत्या हातांनी लढणारीला समोरच्यानं लांबूनच झोडपलं. शेवटी जीव कळवळून एक लाथ मारली, बसली, आणि नमस्कार केला. ह्या वेळेला नाकातून रक्त आलं. मोठ्या सरांनी हात वर करून लढत थांबवली.

 त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं आणि विचारलं, लाथ मारून हात खाली का नेतेस?  मी फाटका ओठ बाहीनं पुसत होते. शेख मास्तर लगबगीनं पुढं आले आणि त्या आपल्या हळू आवाजात सांगायला लागले, पण मोठ्या सरांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, मास्तर, हिच्यात ताकद आहे, पण लढताना तोंड उघडं टाकणाऱ्या माणसाला मी काळा पट्टा देऊ शकत नाही, उद्या ही दुसऱ्यांना काय शिकवणार. अजून एका लढतीत असं झालं तर मी परीक्षा थांबवीन, तिच्याच जिवासाठी. मग मला म्हणाले, दोन मिनिटं पाणी पिऊन घे. मी सतरंजीच्या कडेला गुडघ्यावर बसले. माझ्या डोळ्यांपुढं ती नऊ वर्षांची पोरगी आली. ती रोज माझ्या आधी मैदानावर येऊन झाडायची. मला त्या क्षणाला आईचा राग आला, आयुष्यात कधी आला नव्हता इतका.

आणि आईच समोर उभी होती. भिंतीपासून उठून ती कधी आली मला कळलं न्हाय. आधी तिनं वाकून सतरंजीला हात लावून छातीशी नेला, आणि मगच तिच्यावर पाय ठेवला. कुणीतरी म्हणालं, बाई, आत यायचं नाही. तिनं तिकडं बघितलंसुद्धा न्हाय. पदराच्या टोकानं माझ्या नाकाखालचं रक्त पुसलं आणि विचारलं, "हे काय चाललंय तुझं? मधेच हात कुणाला जोडतीस?"

"ज्याला पाय लागला त्याला," मी म्हटलं. "तूच शिकवलंस की."

तिचा हात पदरासकट तिथंच थांबला. माझ्या आईला रडताना मी फार कमी वेळा बघितलं आहे, आणि त्या दिवशीही ती रडली न्हाय. पण तिचं तोंड असं झालं की जणू ठोसा तिलाच बसला. मग तिनं सावकाश विचारलं, "तुझं आप्पा भट्टीत लाकूड कशानं ढकलतेत?"

"पायानं."

"कधी हात जोडताना बघितलंस त्यांना?"

"न्हाय."

"मग? ते माझ्याकडं हाय. तुझंबी आता माझ्याकडं लागलं." ती माझ्या कानाशी आली. "पाय तू चालीव. पाया मी पडते."

एवढं बोलून ती परत भिंतीशी गेली आणि बसली. पण ह्या वेळेला खुर्चीवाल्या गृहस्थांना तिनं जरा सरकायला सांगितलं, समोरचं नीट दिसावं म्हणून.

चौथ्या लढतीला लातूरची एक उंच बाई होती. तिनं आल्या आल्या मला दोनदा मागं रेटलं. मी बाजूला झाले आणि उजव्या पायाची लाथ तिच्या बरगडीवर घातली. बसली. माझा हात उचलला गेला, हे मला अजून आठवतं, कोपरापर्यंत उचलला गेला. आणि डोळ्याच्या कोपऱ्यात मला हिरवं लुगडं हललेलं दिसलं. भिंतीशी बसलेल्या आईनं हवेत हात पुढं केला, त्या बाईच्या दिशेनं, आणि छातीशी नेला. झालं होतं. माझं जे करायचं होतं ते तिकडं होऊन गेलं होतं. माझा हात जागच्या जागी तोंडापुढं राहिला. लातूरची बाई माझं तोंड उघडं पडेल म्हणून ठोसा घेऊन आली, तर तो माझ्या मनगटावर आदळला, आणि मी तिला दुसरी लाथ दिली. आई तिकडं पुन्हा हात पुढं करून तयार.

काय सांगू, बाई गं, त्या दिवशी माझे पाय म्हणजे नुसते सुटले. चार वर्षं बांधून ठेवलेलं जनावर असतं तसे. पाचवा, सहावा, सातवा. मला मारही बसत होता, दम लागला होता, ओठातून रक्त गळत होतं, पण मला इतका आनंद होत होता की मी हसत होते. सातवा सोलापूरचा पहिलवान गडी, त्याला वाटलं पोरगी वेडी झाली. त्याच्या मांडीवर अशी लाथ बसली की तो लंगडतच बाजूला गेला. शेख मास्तर सतरंजीच्या कडेला उभे होते, तोंडावर रुमाल धरून. आधी मला वाटलं खोकतायत. आठवी, नववी लढत कशी गेली ते मला नीट आठवत न्हाय. एवढं आठवतं की भिंतीशी आईच्या हाताचं काम सारखं चालू होतं, आणि खुर्चीतले गृहस्थ माझ्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत होते.

दहाव्या लढतीला कुणी पुढं आलं न्हाय. मोठे सर टेबलामागून उठले, त्यांनी घड्याळ काढून ठेवलं आणि स्वतः सतरंजीवर आले. शेवटची लढत ते स्वतः घ्यायचे म्हणे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पांढरी दाढी, माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस. त्यांच्यावर पाय उगारायचा? पहिलं मिनिट मी नुसते त्यांचे ठोसे अडवत मागं मागं सरकले. ते म्हणाले, ये की. मी आईकडं बघितलं. आईनं क्षणभर माझ्यावरून नजर काढून जमिनीकडं लावली. तिलाही हे जड गेलं होतं. मग तिनं मान वर केली आणि हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी, एकदाच. मी पुढं सरकले, डावा हात दाखवला, आणि उजवी लाथ सरळ मोठ्या सरांच्या पोटावर लावली. दोन पावलं मागं गेले ते. पोटावर हात धरून उभे राहिले आणि मग दाढीतून मोठ्यानं हसले. तिथंच लढत संपली.

सहापैकी तिघं पास झाले. माझं नाव शेवटी घेतलं. मोठ्या सरांनी काळा पट्टा माझ्या कमरेला बांधला. ते म्हणाले, मधे काय झालं ते मला सांगशील का कधीतरी? मला सांगायची वेळच आली न्हाय. आई डबा घेऊन आली होती. माझ्याशी लढलेल्या एकेकाला गाठून तिनं त्याच्या हातावर खव्याचा गोळा ठेवला, लेकीचा पाय लागलाय, तोंड गोड करा म्हणून. तो सोलापूरचा पहिलवान तर दोनदा घेऊन गेला. मग ती मोठ्या सरांपुढं आली, वाकली आणि त्यांच्या पायाला हात लावला. ते गडबडून मागं सरले, अहो हे काय, तुम्ही कशाला म्हणाले. आई म्हणाली, "सतरा लाथांचं तिकडनं बसूनच केलं. तुमची एक राहिली होती. वडील माणसाचं लांबून करणं बरं दिसत न्हाय."

 मोठ्या सरांनी डब्यात हात घालून स्वतःच खवा घेतला.

घरी पोचलो तर आप्पा संध्याकाळच्या दुधाच्या कढईवर वाकलेले. त्यांनी पट्टा बघितला, माझा सुजलेला ओठ बघितला, आणि ओंडका टाचेनं आत सारत म्हणाले, मग, आता तुला मास्तरीण म्हणायचं का? मी व्हय म्हटलं. ते म्हणाले, मास्तरीणबाई, जरा उलथणं धरा, माझा हात भरून आलाय. काळ्या पट्ट्यासकट मी कढईपुढं उभी राहिले. पुढच्या महिन्यात शेख मास्तर सकाळच्या गाडीनं कायमचे गेले, तेव्हा आम्ही अकरा जणी चावडीजवळ रांगेत उभ्या होतो आणि ती नऊ वर्षांची पोरगी हुंदके देत होती. मास्तरांनी दारात उभं राहून माझ्याकडं बघितलं, घंटीची दोरी दोनदा ओढली आणि गाडी निघाली. त्या संध्याकाळी सहा वाजता मी मैदानावर गेले. बाकीच्या दहाही आल्या होत्या.

मैदान अजून आहे, लिंब अजून आहे, पोतं किती वेळा बदललं ते सांगता येणार न्हाय. आईला जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या वर्गातल्या मुली आता धाराशिवला परीक्षेला बसतात, कधी दोन, कधी पाच, आणि मी भिंतीशी बसते, खुर्ची दिली तरी खाली. गेल्या खेपेला एका मुलीच्या लढतीच्या वेळी शेजारचा एक तरुण बाप माझ्याकडं काळजीनं बघत होता. शेवटी त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि हळूच विचारलं, मॅडम, छातीत दुखतंय का, मघापासून सारखा हात लावताय. मी म्हटलं, न्हाय बाळा, दुखत न्हाय, माझं काम चाललंय. तेवढ्यात तिकडं आमच्या पोरीची लाथ बसली, आणि तिचे दोन्ही हात तोंडापुढं जागच्या जागी होते.